लेपवाल्या मावशींचं बोट

मावशी पितात. तेही कपाटातलं स्पिरिट, पाणी घालून. ही बातमी प्रयोगशाळेच्या तिसऱ्या मजल्यावरून निघाली आणि लिफ्टवाल्याने ती प्रत्येक मजल्यावर इमानाने उतरवली. पुरावा? मावशी भिंत धरून चालतात आणि हातातून काचेच्या बशा पाडतात. आणखी काय हवं!

मावशींचं काम लेप घालायचं. चपट्या बशीत पातळ रसायन ओतायचं, गोठलं की काचेवर पारदर्शक थर. अर्धी बशी ओठासारखी मऊ, अर्धी टाचेसारखी कडक. वर जिवंत पेशी सोडल्या की त्या मऊ बाजू सोडून कडक बाजूकडे सरपटत निघतात. पायाखाली घट्ट काही असलेलं त्यांनाही आवडतं, माणसांसारख्याच लबाड. प्रयोगशाळेच्या साहेबांचं सगळं नाव या सरपटण्यावर उभं होतं.

लेप किती कडक झाला हे यंत्रावर मोजायला अख्खी दुपार जायची. मावशी उरलेल्या अर्धवट गोठल्या थेंबावर बोट टेकवायच्या आणि सांगायच्या, "हा घाणा बिघडलाय, फेका." यंत्र तेच सांगायचं, पण उशिरा. शेवटी यंत्रावर कापड पडलं. हातमोजे मावशींनी कधी घातले नाहीत. "मोजे घालून कुणी गाल कुरवाळतं का हो?" साहेब पाहुण्यांना मुद्दाम ते बोट दाखवायला आणत. तेवढा वेळ मावशी ताठ उभ्या राहत. घरी-दारी तेवढाच काय तो मान.

यंदा तीन महिने पेशी जागच्या हलेनात. साहेबांनी यंत्रावरचं कापड काढलं. बशीच्या दोन्ही बाजू सारख्याच कडक निघाल्या.

"मावशी, हे तुम्ही पास केलंत?"

"केलं. मला फरक लागला."

साहेबांनी दोन बशा पुढे सरकवल्या. "यातली मऊ कुठली?"

मावशींनी बोट टेकवलं, पुन्हा टेकवलं. मग ठोकून दिलं, "डावी."

डावीत लेपच नव्हता. नुसती काच होती.

साहेबांनी हळूच मान पुढे करून त्यांच्या तोंडाचा वास घेतला. मावशींना ते कळलं. "उद्यापासून येऊ नका," साहेब म्हणाले.

घरी त्या लेकीच्या सदऱ्याला बटण लावत बसल्या.

"आई, अगं, सुई!"

सुई बोटात अर्धी रुतली होती. सदऱ्यावर रक्त उतरलं होतं आणि मावशी शांतपणे दोरा ओढत होत्या.

"दुखत नाही तुला?"

"कुठे?"

डॉक्टरांचा कागद घेऊन लेक साहेबांकडे गेली. मावशींच्या टेबलाशी नवा माणूस बसला होता, कोपरापर्यंत मोजे घालून. साहेबांनी कागद दोनदा वाचला आणि घडी घालून परत दिला.

मावशींनी आयुष्यात दारू तोंडाला लावली नव्हती. गोठण्याआधी ते रसायन विषारी असतं. ते बावीस वर्षं उघड्या कातडीतून आत जात राहिलं आणि त्याने त्यांच्या हातापायांच्या नसा मारल्या.