प्रार्थनेत डोळे उघडले म्हणून

चर्चच्या मंडळीतल्या बहिणींनो, सलाम. सकाळपासून डोकं तापलंय, म्हणून लिहिते.

आज माधव नगरात मार्थाबाईंच्या घरी प्रार्थना होती. त्यांना लकवा झालाय, पलंगावरून उठता येत नाही. आम्ही सगळे डोळे मिटून भोवती उभे. मंडळीचे वडील, म्हणजे आपले एल्डर भाऊ, त्या बऱ्या व्हाव्यात म्हणून देवाकडे मागत होते, आवाज चढवून, संपतच नव्हतं.

मध्येच मार्थाबाई म्हणाल्या, "अगं, मला बाथरूमला न्या गं." कुणी हललं नाही. परत म्हणाल्या तेव्हा रडवेल्या झाल्या होत्या. मी डोळे उघडले, त्यांच्या सुनेला कोपरानं ढोसलं आणि दोघींनी धरून त्यांना नेलं. वेळेवर पोचलो.

परत आलो तर एल्डर भाऊ म्हणाले, "ताई, जरा सबुरी धरायची होती. आमेन तर होऊ द्यायचं."

मी म्हटलं, "भाऊ, आमेन थांबलं असतं. त्यांना थांबवत नव्हतं."

प्रभूने एखाद्या आजाऱ्याला 'थांब, आधी माझी प्रार्थना होऊ दे' म्हटलेलं मी तरी ऐकलेलं नाही. आणि मार्थाबाईंचं बोलणं तिथे सगळ्यांना ऐकू आलं होतं, हे मला पक्कं ठाऊक आहे.

खरं सांगा, तुम्ही डोळे उघडले असते का?