बनातले पान बनात

देणाऱ्याचे गुणगान करणे सोपे असते. त्याचे दान डोळ्यांना दिसते. न घेणाऱ्याचे काय करावे? त्याच्या हातून जे घडत नाही तेच त्याचे कर्तृत्व, आणि न घडलेल्या गोष्टीवर कोणी शिलालेख कोरीत नाही. तरीही या सृष्टीचा पुष्कळसा भार अशा न घेणाऱ्यांनीच वाहिलेला आहे. हे व्रत जन्मभर पाळणाऱ्या माणसाच्या हातून ते एकदाच मोडले तर त्याचे मोल काय पडते, ते धामणदऱ्याच्या कडूबाईने पाहिले.

आधीची तीन भावंडे दगावल्यावर ही जन्मली, म्हणून दृष्ट लागू नये यासाठी आईबापांनी तिचे नाव कडू ठेवले. लग्न होऊन ती पाथर्डीच्या बाजूला, गर्भगिरीच्या रांगेतल्या धामणदऱ्यात आली. गावाच्या वर, डोंगराच्या खोबणीत सातीआसरांचे, म्हणजे पाण्याच्या सात देवतांचे, बन होते : उंबर, करंज, जांभूळ, धावडा, मध्यभागी शेंदूर लावलेले सात दगड आणि त्यांच्या पायाशी झऱ्याचे कुंड. वैशाखात विहिरी तळाला गेल्या की सारे गाव त्या कुंडावर जगे. बनाची राखण तिच्या सासरी पिढ्यान्पिढ्या चालत आलेली होती. नवरा वारल्यावर ती तिच्याकडे आली.

बनात कुऱ्हाड चालत नसे, हे तर खरेच; परंतु नियम त्याहून सूक्ष्म होता. गळलेले पानही बाहेर न्यायचे नाही. हद्दीच्या दगडापाशी येऊन प्रत्येकाने पदर, घोंगडी, टोपली झटकायची. एखादी शेळी चुकून आत शिरली तर कडूबाई तिच्या केसांत अडकलेली पाने वेचून परत आत टाकी. पोरीबाळी हसत.

"आक्का, आसराबायला पानाची चटनी करायचीय का?"

"व्हय. आन् कुंडातनं तुमी पितासा ती तिच्याच हातची कढी हाय," ती म्हणे.

सून मनकर्णा हिला तिने एकदा उंबराखाली बसवून पाल्याचे थर बोटांनी उलगडून दाखवले होते. वरची पाने कोरडी, चुरचुरणारी. त्याखालची ओलसर, एकमेकांना चिकटलेली, पांढऱ्या तंतूंनी विणलेली. त्याहीखाली पानाचा आकारच उरलेला नाही. काळीभोर, भुसभुशीत माती आणि तिच्यात वळवळणारी गांडुळे. "वरचं म्हातारं, मधलं मेल्यालं, खालचं फिरून जन्माला आल्यालं," ती म्हणाली. सातभाई पाखरांचा थवा दिवसभर हा पाला उलथीत किडे टिपत हिंडे. केवढाही पाऊस कोसळो, त्या अंथरुणावर त्याचा जोर मावळे. पाणी वाहून न जाता आत मुरे आणि महिनोन्महिने डोंगराच्या पोटात राहून कुंडात पाझरे. या व्यवहाराला शास्त्रात काय म्हणतात हे तिला ठाऊक नव्हते. व्यवहार मात्र ठाऊक होता.

एकोणीसशे बहात्तर साली पाऊस गेला. माणसे खडी फोडण्याच्या कामावर गेली. तिचा मुलगा बन्सीही गेला. विहिरी आटल्या. कुंड तेवढे चालू होते. रात्रंदिवस घागरींची रांग लागे, पण कोणी रिकामी घागर घेऊन परतले नाही. जनावरांना मात्र वैरण उरली नाही. माघात आबासाहेब, गावचे वडीलधारे, चार माणसे घेऊन तिच्या दारी आले.

"कडूआक्का, झाडाला हात लावायचा न्हाई, माझा शबूद. पर गळल्यालं पान झाडाचं न्हाई ना ऱ्हायलं?"

"न्हाई. मातीचं झालं."

"मातीला काय भूक हाय?"

"माती बोलत न्हाई, आबासायेब. म्हनून तिची भूक दिसत न्हाई."

"ही गाय तरी बोलती का?" आबासाहेबांनी गोठ्याकडे बोट केले. कपिलेला उठवत नव्हते. तिच्या बरगड्या मोजता येत होत्या. "तू कौल लाव. आसराबाय सांगंल ते खरं."

कौल लावण्याची रीत अशी : मधल्या दगडावर डावी-उजवीकडे एकेक पाकळी पाण्याने चिकटवायची. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. लावण्याचा मान राखणदाराचा. सारे गाव हात जोडून उभे असताना कडूबाईने डाव्या पाकळीला बोट भरून पाणी लावले, आणि उजवीला जेमतेम ओले बोट टेकवले. उन्हाने उजवी पाकळी बघता बघता सुकली आणि पडली. "दिला! कौल दिला!" लोक ओरडले. तिच्या डोळ्यांसमोर आसरा नव्हत्या. गोठ्यातली गाय होती.

पंधरा दिवसांत बन झाडून निघाले. पाला जनावरांनी खाल्ला. मग खालची काळी माती खत म्हणून पाट्यांनी रानात गेली. कौल पानाचा होता, मातीचा नव्हता, हे कोणी काढले नाही. आबासाहेबांचा शब्द मोडला नाही : एक फांदीही तुटली नाही. बन उभेच होते, फक्त त्याचे पाय उघडे पडले होते. किडा उरला नाही, तसे सातभाईही कुठे निघून गेले. कपिला जगली.

त्र्याहत्तर साली पाऊस भरपूर झाला. उघड्या उतारावर तो चाबकासारखा आपटला. उरलीसुरली माती घेऊन लाल पाणी कुंडात उतरले. गावाने आनंदाने गाळ उपसला. पण पौषात झऱ्याची धार करंगळीएवढी झाली आणि माघात थांबली. अवर्षणात जे कुंड आटले नव्हते, ते सुकाळात आटले.

गावाने कारण शोधले. गावातल्या सूर्यभानची सून लंकाबाई नुकतीच बाळंतीण झाली होती, आणि पाचवी व्हायच्या आत तिने कुंडातून पाणी घेतले होते. विटाळाने आसरा कोपल्या, असे ठरले. टँकरच्या पाण्यालाही तिला कोणी रांगेत उभे राहू देईना. ओली बाळंतीण दोन कोसांवरून पाणी आणू लागली. तिचे दूध आटले.

कडूबाई तीन दिवस जेवली नाही. चौथ्या दिवशी गाव कुंडापाशी जमले होते, तेथे ती उभी राहिली.

"पोरीला सोडा. कौल म्या खोटा लावला व्हता." तिने पाणी कसे लावले ते बोटांनी करून दाखवले. "आन् आसराबाय कोपली न्हाई. आपन तिचं हातरून काढून जनावराला घातलं. उघड्या दगडावं पानी निजंल का?"

मग सूर्यभान म्हणाला, "म्हातारे, आमाला आदीच का न्हाई सांगितलंस?"

"गाय व्हती," ती म्हणाली.

लंकाबाईला रांगेत जागा मिळाली. कडूबाईची राखण काढून घेतली गेली. तिच्या हातचे पाणी कोणी पिईना. पाण्यावाचून कपिलेला बाजारात न्यावे लागले, त्या दिवशी बन्सीही आईशी बोलला नाही. तिने कोणाला दोष दिला नाही. रोज सकाळी ती बांधाबांधाने फिरून लिंबाचा, बाभळीचा गळलेला पाला गोळा करी, टोपलीने डोंगरावर नेई आणि उंबराखाली पसरी. वारा अर्धा उडवून नेई. ती पुन्हा आणी, वर दगड ठेवी. मनकर्णा एकदा कळवळून म्हणाली, "आत्याबाई, ह्येनं झरा यायचा हाय व्हय?"

"माज्या हयातीत न्हाई."

चौऱ्याहत्तरच्या कार्तिकात ती त्याच वाटेवर, टोपलीशेजारी बसलेली आढळली. प्राण गेला होता. मनकर्णेने टोपली उचलली, वर नेऊन उंबराखाली पालथी केली आणि मग माणसे बोलावली.

कुंड अजून कोरडे आहे. उंबराखाली वीतभर पाला साचला आहे. तो कोणी उचलत नाही.