धुराचा वाटा

जगात धूर कोणी किती केला आणि त्याचा दोष कोणाच्या पदरात किती घालायचा, याचा निवाडा करायला पृथ्वीवर एकच माणूस लायक आहे, आणि ते माझे थोरले साडू आहेत. मोठमोठ्या देशांचे लोक दरवर्षी कुठेतरी जमून यावर भांडतात. त्यांतल्या एकालाही साडूंच्या राहनाळ गावाचा पत्ता ठाऊक नाही, हे त्यांचं दुर्दैव. पत्ता तसा सोपा आहे. गोदामांच्या रांगेत एका बंगल्याच्या ओट्यावर उघड्या अंगाने, गळ्यात जाड सोनसाखळी घालून जे गृहस्थ टीव्हीशी भांडत असतील, ते आमचे साडू.

हे वेड लागलं एका बातमीने. धूर सोडणाऱ्या देशांत भारत फार वर आहे, असं निवेदिका सहज बोलून गेली आणि साडूंनी हातातला चहा खाली ठेवला. "मानसं किती ते सांग ना, बाय!" ते टीव्हीवर ओरडले. "सगल्या गावाच्या चुली एकीकडं, एका शेठचा बंगला दुसरीकडं, आन् बोलते गावाचा धूर जास्ती!" तेव्हापासून आमच्याकडची एकही हळद, एकही बारसं या विषयावाचून पार पडलेलं नाही. नवऱ्या मुलाला हळद लावता लावता त्यांनी त्याला दरडोई धुराचं तत्त्व समजावलं आहे. तो बिचारा डोळ्यांत हळद गेल्यामुळे रडत होता; साडूंना वाटलं, पटलं.

खरं तर वाटणी त्यांच्या रक्तातच आहे. उन्हाळ्याच्या अखेरीला गावच्या तळ्याचं पाणी आटलं की सगळे मिळून मासे धरतात, आणि वाटे घालायचा मान साडूंचा. पूर्वी घरटी एक वाटा असे. साडूंनी तो रिवाज मोडला. वाटा माणशी, पोटुशी बाईला दीड, आणि गेल्या साली ज्यांनी मोठ्या मरळी लाटल्या ते यंदा रांगेत शेवटी. "आदी खाल्लेलं मोजायचं न्हाय, तर न्याय कशाला बोलता?" असं ते विचारतात, आणि लगेच तळ्यावरून विलायतेवर जातात: आजोबांच्या काळापासून ज्यांचे बॉयलर पेटलेत, ते देश रांगेत शेवटी. गाव कुरकुर करतं, पण मासे घेऊन मुकाट घरी जातं.

एकदा कशेळीच्या ट्रॅफिकमध्ये आम्ही त्यांच्या गाडीत एसी लावून अडकलो होतो. शेजारी एक ट्रक काळा धूर ओकत उभा. साडूंनी काच खाली केली आणि ड्रायव्हरला विचारलं, "माल किसका है?" तो म्हणाला, "बाहर देश जाएगा, चाचा." साडू खुलले. "फिर ये धुआँ तेरा नहीं, हमारा भी नहीं. जिसका माल, उसका धुआँ!" ड्रायव्हरने जरा विचार केला. "ठीक है चाचा, पर खाँसी तो मेरी है." साडूंनी काच वर केली आणि एसी वाढवला.

या न्यायबुद्धीने त्यांना स्वतःलाच कोंडीत पकडलं. त्यांची एकुलती एक लेक कॅनडात असते. तिला मुलगी झाली. या म्हणून ती रोज फोनवर गळ घालायची, आणि साडू अडून बसले. विमानाच्या एका फेरीत माणूस आपला सगळा वाटा जाळून बसतो, मग परदेशातल्यांना कुठल्या तोंडाने बोलायचं? ताई, म्हणजे त्यांची बायको, माझ्या बायकोची थोरली बहीण, नातीचे फोटो पुन्हापुन्हा बघायची.

एका रविवारी आम्ही त्यांच्याकडे जेवायला होतो. ताई सुके बोंबील निवडत होती. साडू मला अभिमानाने सांगत होते, "आमच्या घराचा धूर मानशी काढा, साडूभाऊ. कायच न्हाय!"

ताईचे हात थांबले. "गाडी तुमची. एसी तुमच्या खोलीत. गोव्याला विमानानं गेलात ते तुमी आन् तुमचं दोस्त. मी म्हायेरी खारबावला जाते ती रिक्षात चौथी बसून. आन् हिशोबाला तेवढी मी तुमच्या जोडीला?" तिचा आवाज चढलाही नाही. "माज्या जिवावर साधू झालात. मना नात बघायची हाय."

साडूंनी बोटांवर हिशोब पुन्हा मांडून पाहिला. साडूंचा मोठेपणा असा की निकाल स्वतःविरुद्ध लागला तरी त्यांनी तो मानला. ताईचा पासपोर्ट त्यांनीच धावपळ करून काढला. तिकीट मात्र एकच. लेक रागावली, मी समजावलं, पण ते म्हणाले, "तिचा वाटा हाय, ती जाईल. माजा मी कवाच खाल्लाय."

ताई गेली. परवा मी सहज डोकावलो तर साडू एकटेच ओट्यावर बसले होते, टीव्ही बंद. तेवढ्यात फोन आला. पडद्यावर ताई, अंगावर लेकीचा लठ्ठ कोट, मांडीवर नात. मागच्या खिडकीत नुसतं पांढरं बर्फ. नातीने जांभई दिली आणि साडूंनीही नकळत तोंड उघडलं.

फोन संपताच साडू म्हणाले, "साडूभाऊ, तुमच्या ताईचं नाक लाल झालेलं बघितलंत काय? जावयाला फोन लावा. बोला, हिच्या खोलीतला हीटर दिवसरात चालू ठेव." आणि पंच्याने डोळे पुसत पुढे म्हणाले, "तो धूर माज्यात धरा."