ऑर्फाची पाठ आणि मंगळवारचा डॉक्टर

सोमवारी सकाळी आमच्या वस्तीतून बग्गी हाकत निघालं की घरोघरी दोऱ्या भरलेल्या दिसतात. निळे-जांभळे झगे, काळ्या विजारी, चादरी. सोमवारी ज्या घरची दोरी रिकामी, त्या घरात कुणीतरी मेलंय नाहीतर कुणीतरी जन्मलंय, असं आपलं समजून घ्यायचं. ऑर्फा गिंगेरिचच्या दोरीवर मात्र गेली कित्येक वर्षं बुधवारी कपडे वाळत होते. कुणी मेलं नव्हतं, कुणी जन्मलं नव्हतं. रविवारी कुणाच्या तरी घरी चर्च भरलं की नंतर भांडी विसळताना बायका एकमेकींकडे बघायच्या आणि गप्प बसायच्या. आमच्यात तोंडावर विचारायची पद्धत नाही. त्यापेक्षा चार शब्द सुनावलेले परवडले, पण हे आमच्या लोकांना सांगणार कोण?

बुधवारचं कारण मंगळवारी होतं. मंगळवारी बेव्हर्लीची गाडी यायची. बेव्हर्ली इंग्लिश बाई. म्हणजे आमच्यातला नसलेला तो इंग्लिश, मग तो कुठलाही असो. आमच्या पंथात घरात वीज नाही की दारात मोटार नाही, म्हणून ती आम्हाला भाड्याने नेते. सात-आठ जण दाटीवाटीने बसून डॉक्टर व्हिटमरकडे मणके बसवून घ्यायला जायचे. व्हिटमर कायरोप्रॅक्टर. त्याच्या बापाने आमच्या बापांची हाडं कडकड वाजवली, आता तो आमची वाजवतो. मोठ्या इस्पितळात जायचं तर आमचा माणूस शंभरदा विचार करील, पण व्हिटमरकडे शिंक आली तरी निघेल.

"मान मोडून घेतली आणि या डाव्या कानाने ऐकू यायला लागलं," म्हातारा एनोस दर खेपेला सांगायचा.

"मग मघाशी दारात तीन हाका मारल्या, तेव्हा कुठला कान घरी ठेवला होतात?" बेव्हर्ली विचारायची, आणि गाडी हसायची.

ऑर्फाला हसायलाही फुरसत नसे. तिला बसवायचंच नाही. कधी एका बाजूवर, कधी दुसऱ्या, कधी पुढच्या सीटला धरून अर्धवट उभी. कंबरेतून निघालेली कळ मांडीमागून थेट टाचेपर्यंत जायची. नऊ वर्षं असंच चाललं होतं. रविवारी चर्चला पाठ नसलेल्या बाकांवर तीन तास बसायचं म्हणजे तर छळच. त्यावर तिने युक्ती काढली होती. कुणाचं मूल जरा कुरकुरलं की ही उठून त्याला कडेवर घ्यायची आणि ओसरीवर येरझाऱ्या घालायची. "ऑर्फाला पोरांची काय माया!" लोक म्हणायचे. माया होतीच, पण बाकावरून सुटका जास्त होती.

पाठ कशाने गेली हे साऱ्या वस्तीला माहीत होतं. तिची लोव्हिना दहा वर्षांची असताना माळ्यावरून पडली आणि कमरेखाली लुळी झाली. आता ती एकोणीस वर्षांची. हात दणकट, जीभ त्याहून दणकट. तिला पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून शौचाला, परत खुर्चीत, दुपारी पलंगावर, रात्री पुन्हा, असं ऑर्फाच उचलायची. नवरा माहलन घराशेजारच्या कारखान्यात घोड्यांचे साज शिवायचा. सुरुवातीला तो पुढे व्हायचा, पण मुलगी मोठी झाल्यावर ऑर्फाने त्याला हात लावू दिला नाही. "मुलीचं आईने करायचं," एवढंच ती म्हणाली.

आणि आता फॅनीचं पत्र आलं होतं. फॅनी माहलनची बहीण, मिसुरीत राहायची. घरात तिच्या तीन धडधाकट मुली. तिने लिहिलं होतं, मक्याची काढणी झाली की मी येते, लोव्हिनाला निदान हिवाळाभर घेऊन जाते, ऑर्फाने पाठीचं दुखणं किती दिवस अंगावर काढायचं? माहलनने पत्र दोनदा वाचलं आणि बायकोपुढे ठेवलं.

"जमत नाही असं म्हण, मग काय ते ठरवू," तो म्हणाला.

"जमतंय की. व्हिटमरने पाठ जवळजवळ बरी केलीय माझी. बुधवारी बघितलंस ना मला?"

बुधवारी त्याने बघितलं होतं खरं. मंगळवारी हाडं वाजवून आल्यावर दोन दिवस तिची पाठ सैल असायची. त्या दोन दिवसांत ती झपाटल्यागत कामाला लागायची. आठवड्याचं धुणं उरकायची, बटाटे खणायची, गुडघ्यांवर बसून स्वयंपाकघराची फरशी घासायची. वाफ्यात वाकलेली ऑर्फा माहलनला खिडकीतून दिसावी, हाही त्यात हेतू होताच. गुरुवारी संध्याकाळी पाय ओढायला लागायचे. शुक्रवारपासून पुन्हा मंगळवारची वाट. व्हिटमरचा गुण येतोय हे नवऱ्याला पटलं, तर लेक घरात राहणार होती. नाही पटलं, तर जाणार होती. एवढी साधी गोष्ट होती, आणि तेवढ्यापायी तिची झोप उडाली होती. रस्त्याने मक्याची गाडी गेली तरी ती दारात येऊन बघायची, कुणाचं शेत आवरलं, कुणाचं राहिलंय.

असल्याच एका शुक्रवारी माहलन एनोसकडे घोड्याच्या गळपट्ट्याचं माप घ्यायला गेला होता. ऑर्फाने लोव्हिनाच्या काखेत हात घातले, पोटाशी धरलं, उचललं, आणि अर्ध्यावर पाठ धरली. पुढे नाही, मागे नाही. लेकीला सोडलं नाही बाईने. तशीच गुडघ्यांवर आली, मग कुशीवर, आणि दोघी हळूहळू जमिनीवर लवंडल्या.

"लागलं का गं?" तिने विचारलं.

"मला काय लागणार? पायांना कळतंय कुठे? तुझं काय?"

"काही नाही. जरा दम खाऊ दे." ती उठायला गेली आणि किंचाळली. मग पडून राहिली. दोघी पलंगाच्या खालच्या फळ्या बघत होत्या.

"आई," लोव्हिना म्हणाली, "मी तरी आणखी किती कमी खाऊ?"

"म्हणजे?"

"जुलैपासून अर्धंच जेवते मी. म्हटलं चार-दोन पौंड उतरले तर तुला उचलायला बरं."

ऑर्फाला एकदम संताप आला. "अगं मूर्ख मुली! उपाशी राहतेस? माझ्या घरात? कुणी सांगितलं तुला? मी मेले होते काय, मला विचारायला?"

"आणि तू गं? बाबांना सांगतेस पाठ बरी झाली, आणि तळघरात जाऊन रडतेस. पाय गेलेत माझे, कान नाही गेले!"

मग दोघीही रडल्या. रडताना हुंदक्यागणिक ऑर्फाची पाठ कळा मारत होती, म्हणून तिला नीट रडताही येईना, आणि ते बघून लोव्हिनाला हसू फुटलं. माहलन परत आला तेव्हा त्याला बायको आणि मुलगी जमिनीवर पडून, रडताहेत की हसताहेत कळत नाही, अशा सापडल्या. तो गल्लीच्या टोकाला असलेल्या सामाईक टेलिफोनच्या खोपट्याकडे धावला आणि त्याने बेव्हर्लीला बोलावून घेतलं. त्या दिवशी मंगळवार नव्हता, तरी गाडी व्हिटमरकडे गेली. लोव्हिना हट्टाने बरोबर आली.

व्हिटमर टेबल सरसावायला लागला तसं ऑर्फाने त्याला थांबवलं. "आधी एक सांगा. हो की नाही. तुमच्या या कडकडाटाने माझी पाठ बरी होणार का? नवऱ्याला मी सांगत आलेय की होणार. पंधरा दिवसांत नणंद दारात उभी राहील आणि माझी पोर घेऊन जाईल. तेव्हा खरं सांगा."

डॉक्टर स्टुलावर बसला.

"नाही होणार," तो म्हणाला. "परवा उसण भरलेला माणूस येतो, तो दोन-चार खेपांत मोकळा होतो. खरं सांगायचं तर त्यातले कित्येक आले नसते तरी झाले असते. तुमचं दुखणं नऊ वर्षांचं आहे ऑर्फा. माझ्या हाताने तुम्हाला दोन दिवस बरं वाटतं. ते दोन दिवस चाला, फिरा, पाठीत थोडी ताकद येऊ द्या, म्हणून मी देतो. तुम्ही त्या दिवसांत काय करता?"

"धुणं," लोव्हिना म्हणाली. "शिवाय बटाटे. शिवाय फरशी. आणि गुरुवारी रात्री आडवी."

"बघा. माझीच चूक. दर मंगळवारी तुम्ही हसत बाहेर पडायचात, मला वाटायचं गुण येतोय. घरी काय उचलता, हे मी नऊ वर्षांत विचारलं नाही."

"मग एनोसचं काय? त्याला तर तुम्ही कान दिलात म्हणे!" ऑर्फा चिडून म्हणाली.

"एनोसला गाडीत गप्पा मिळतात, मानेला जरा आराम पडतो. त्याला बरं वाटतं तर वाटू दे. पण दिवसातून दहा वेळा माणूस उचलायचं आणि आठवड्यातून एकदा माझ्याकडे यायचं, याने काही होत नसतं. उचलणं थांबवा."

"म्हणजे पोर देऊन टाकू?"

"मी उचलणं म्हणालो, बाई. पोर कुठे म्हणालो?"

परतीच्या वाटेवर ऑर्फा मागच्या सीटवर आडवी पडून होती. कापलेल्या मक्याची शेतं मागे पडत होती आणि तिच्या जिवाची नुसती तगमग चालली होती. नऊ वर्षांचे मंगळवार! एवढ्या खेपा घातल्या त्या कशासाठी? आणि आता माहलनला काय तोंडाने सांगायचं?

"आपल्या शेडमध्ये चेनपुली आहे ना," पुढून लोव्हिनाचा आवाज आला. "डुक्कर टांगतात ती. तीनशे पौंडांचं डुक्कर बाबा एका हाताने साखळी ओढून वर घेतात. मी काय तीनशे पौंडांची आहे?"

हीच गोष्ट माहलन पाच वर्षांपूर्वी बोलला होता. तेव्हा ऑर्फाने त्याला घराबाहेर काढायचं तेवढं बाकी ठेवलं होतं. माझ्या पोटची पोर खाटकाच्या साखळीला टांगू? दोन दिवस ती त्याच्याशी बोलली नव्हती. त्यानंतर त्याने विषय काढला नाही, आणि तिनेही नाही.

"तसलं बोलू नकोस," ऑर्फा म्हणाली. "डुकराची आणि तुझी बरोबरी का करायची?"

"डुकराला कुणी विचारत नाही, आई. तू मला विचार."

बेव्हर्ली सहसा दुसऱ्याच्या घरच्या गोष्टीत पडत नाही, पण ती सुद्धा म्हणाली, "विचारा की हो बाई." ऑर्फाने डोळे मिटले आणि विचारलं. लोव्हिना हो म्हणाली.

यात वीज नव्हती, इंजिन नव्हतं, वस्तीचे नियम ठरवणाऱ्या बिशपला विचारायचंही कारण नव्हतं. माहलनने आठवडाभर बसून जाड किंतान आणि मऊ कातड्याची झोळी शिवली. गाभण घोडीचा साज शिवतानासुद्धा त्याने इतकी उसवाउसव केली नसेल. खोलीच्या तुळईला त्याने सरकत्या चाकावर चेनपुली टांगली, साखळी घासून पुसून लख्ख केली. पहिल्या दिवसापासून लोव्हिना साखळी स्वतः ओढायला लागली. हात दणकट होतेच. टक टक टक करत ती पलंगावरून उठायची, तुळईखालून सरकायची आणि खुर्चीत उतरायची. ऑर्फा मात्र दर वेळी दोन्ही हात तिच्या खाली पसरून बरोबर चालायची. पाठ वाकलेली, श्वास रोखलेला. न उचलताही तिची पाठ दुखायची.

फॅनी ठरल्या दिवशी आली. टोपीची गाठ सोडायच्या आधीच तिने विचारलं, "सामान बांधलंय ना?"

माहलनने ऑर्फाकडे बघितलं. ऑर्फाचा चेहरा लाल झाला होता. काय बोलायचं ते तिने रात्रभर घोकलं होतं, पण ते सगळं विसरून ती म्हणाली, "फॅनी, माझी पाठ बरी नाही. बरी व्हायचीही नाही म्हणे. मी खोटं बोलत होते. पण आता मला उचलावं लागत नाही, तू ये आणि बघ."

सगळी खोलीत गेली. लोव्हिनाने झोळी अंगाखाली ओढून घेतली, कड्या अडकवल्या आणि साखळी ओढली. फॅनी दाराशी तोंडावर हात ठेवून उभी होती. ऑर्फा सवयीने पुढे झाली आणि तिने हात खाली धरले.

"बरं झालं मग," फॅनी म्हणाली. तिचा आवाज जरा पडला होता. "माझी गरजच नाही राहिली. मी उद्याची गाडी बघते."

"मी येते आत्या," लोव्हिना वरून म्हणाली.

"काय?" ऑर्फाने मान वर केली. "तुला कुणी घालवतंय का? आता कशाला जायचं? इतकं सगळं केलं ते कशासाठी?"

"तुझ्या पाठीपायी नाही जात. मला जावंसं वाटतं म्हणून जाते. नऊ वर्षांत मी व्हिटमरच्या दवाखान्यापलीकडे गेले नाही. ही झोळी, ही साखळी, सगळं बरोबर नेता येईल. होय ना बाबा?"

माहलनने होकाराची मान हलवली. खाली बघूनच हलवली.

ऑर्फाला वाटलं, आत्ता पाय धरावेत पोरीचे. म्हणावं, नको जाऊस. गेली नऊ वर्षं मी हाडं मोडून घेतली ती काय यासाठी? पण पोर वर झोळीत होती आणि तिच्या तोंडावर इतकी हौस होती की ऑर्फाला ते बोलवलं नाही.

"आई, हात काढ आता," लोव्हिना म्हणाली. "मला बाजूला सरकायचंय."

"काढते," ऑर्फा म्हणाली, आणि तिने काढले नाहीत.

"आई."

मग तिने हात काढले. लोव्हिना जरा झुलली, साखळी कुरकुरली, पण पडली नाही. ऑर्फा सावकाश सरळ उभी राहिली. हातांचं काय करावं ते तिला कळेना, म्हणून तिने ते कमरेवर ठेवले.

"परत कधी?" तिने विचारलं.

"मार्चमध्ये."

"मार्चच्या कितव्या तारखेला?"