वाणाबरोबर ईमेल

सोसायटीच्या ग्रुपवरून मला काढून टाकलं, तेव्हा मी भाजणीची डाळ भाजत होते. डाळ नुकती गुलाबी व्हायला लागली होती, त्यामुळे लगेच भांडायला जाता आलं नाही. ग्रुपवर जाहिराती करायच्या नाहीत, असा नियम म्हणे. रोज सकाळी गुलाबाच्या फुलांचे सुप्रभात चालतात, पण महिन्यातून एकदा 'मेतकूट तयार आहे' एवढं चालत नाही!

राग बाजूला ठेवला तरी पंचाईत खरी होती. महापेच्या कंपनीतलं अकाउंट्सचं काम सोडून मी भाजणी, मेतकूट आणि उपवासाची पिठं विकायला लागले होते. साहेबांनी माझा राजीनामा काही घेतला नव्हता. "जूनपर्यंत जागा ठेवतो, नाही जमलं तर परत या," म्हणाले. भला माणूस, पण त्या भलेपणामुळेच माझ्या डोक्यावर जून टांगलेला होता. मला परत जायचं नव्हतं. शीळफाट्याला बसमध्ये अडकून पुढच्या ट्रकच्या पाठीवरची शायरी वाचण्यात माझी उमेदीची वर्षं गेली होती. आता पन्नाशीला टेकल्यावर पहिल्यांदाच एक गोष्ट माझी स्वतःची होती आणि ती टिकावी असं मला फार वाटत होतं.

माझी थोरली बहीण टेंभी नाक्याला राहते. सल्ला देणं हा तिचा जन्मसिद्ध हक्क आहे. ती फोनवर म्हणाली, "अगं, दुसऱ्याच्या ओट्यावर किती दिवस दुकान मांडणार तू? आज ह्याने उठवलं, उद्या तो उठवेल. लोकांचे ईमेल गोळा कर. पंधरा दिवसांनी एक पत्र टाकायचं. ती लिस्ट तुझी, तिच्यातून तुला कोण काढणार?"

हे ज्ञान तिच्या सुनेचं होतं, पण ताईने ते आपलं म्हणून दिलं आणि मी तिचं म्हणून घेतलं.

संक्रांत तोंडावर आली होती. म्हटलं, यंदा हळदीकुंकू दणक्यात करू. एरवी वाणात मिळालेल्या चाळण्या आणि डब्या बायका पुढच्या वर्षी दुसऱ्या कुणाला तरी देऊन टाकतात. मी मेतकुटाची पुडी दिली. हळदीकुंकू, तिळगूळ, पुडी आणि शेवटी एक वही, 'इथे तुमचा ईमेल लिहा.' नवऱ्याने वही पाहून "जनगणना आहे का?" असं विचारलं आणि तो गच्चीवर पळाला.

बायकांनी हौसेने लिहिलं. बऱ्याच जणींनी घरी फोन लावून, विचारून घेऊन लिहिलं. तेव्हाच माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. पण मला वाटलं, नसतो एकेकीला पाठ.

मग पहिलं पत्र लिहायला बसले. ताईच्या सुनेने बजावलं होतं, की विषय असा हवा की माणसाला उघडावंच लागेल. मी विषय लिहिला, 'विसरलात ना मला?' आणि आत, 'परवा घरी आलात, किती बरं वाटलं. जाताना दिलेली पुडी उघडलीत का? गरम भातावर तूप घालून खा आणि माझी आठवण काढा. पुन्हा भेटीची वाट बघते.' खाली माझं नाव आणि फोन नंबर. वाचून मीच माझ्यावर खूश झाले आणि पाठवून मोकळी झाले.

दुपारी पहिलं उत्तर आलं. कुणा गृहस्थांनी कडक इंग्रजीत कळवलं होतं, की ते माझ्या घरी कधीही आलेले नाहीत आणि मी कृपया पुन्हा लिहू नये. परदेशातल्या एका मुलाने विचारलं होतं, 'कसली पुडी? आई बरी आहे ना?' मी गोंधळून बघत राहिले. संध्याकाळी समोरच्या विंगमधल्या वहिनी हातात फोन घेऊन दारात.

"अहो, हे काय? ह्यांच्या ऑफिसच्या मेलवर आलंय! शेजारच्या टेबलवाल्याने वाचलं. सगळे विचारतायत, परवा कुणाकडे गेलेलास रे?"

"पण वहिनी, तुमच्या ह्यांचा ईमेल माझ्या वहीत लिहिला कुणी?"

"मीच. तुम्हीच म्हणालात ना, ईमेल लिहा."

"अहो, तुमचा!"

"माझा कुठाय?"

वही उघडून बघितली. पानंच्या पानं नवरे, अधूनमधून एखादा मुलगा. उखाण्यात घ्यावं तसं प्रत्येकीने नवऱ्याचं नाव घेतलं होतं. मला हसू आवरेना. वहिनीही हसल्या, सोफ्यावर बसून डोळे पुसत हसल्या. मग वही पुढ्यात ओढून आपलीच ओळ बघायला लागल्या.

"बँकेला ह्यांचा, गॅसला ह्यांचा, माझ्या पॅनकार्डालाही ह्यांचाच," त्या म्हणाल्या. "मला कधी लागलाच नाही हो."

मला वाईट वाटलं आणि थोडा रागही आला, पण कुणाचा ते ठरवता येईना. म्हणून चहा टाकला आणि तिथल्या तिथे वहिनींचा ईमेल उघडला. पासवर्डावर बराच वेळ गेला, कारण त्यांना मुलाच्या वाढदिवसाखेरीज काही सुचत नव्हतं. शेवटी काहीतरी सुचलं, ते मात्र त्यांनी मला दिसू दिलं नाही. ओढणीआड फोन धरून टाइप केलं आणि कॉलेजातल्या मुलीसारख्या लाजल्या.

ही बातमी पसरायला वेळ लागला नाही. दुपारची कामं आटोपली की बायका फोन घेऊन यायच्या. मी पोहे करायची आणि ईमेल उघडून द्यायची. तरी ही यादी पहिलीपेक्षा बरीच लहान होती. "एवढ्याशा यादीने काय होणार गं?" असं ताई म्हणाली. पण नवऱ्यांच्या मेलमध्ये माझं पत्र बिलं आणि बँकांच्या गर्दीत चेंगरलं असतं. ह्या बायकांकडे दुसरं काही येतच नव्हतं. त्या पत्र शेवटपर्यंत वाचायच्या, उत्तर द्यायच्या. भाजणीची ऑर्डर एका ओळीत, गुडघेदुखी दहा ओळींत. मग कल्याणची बहीण, दिवा स्टेशनजवळची नणंद यांचे पत्ते यायला लागले. 'हिलाही घ्या, ईमेल मीच काढून दिलाय,' असं वर ठसक्यात लिहिलेलं असायचं.

मे महिन्यात साहेबांचा फोन आला. "काय ठरलं?" मी म्हटलं, आठवडाभरात कळवते. तो आठवडा वाईट गेला. ऑर्डरी होत्या, पण पुढे पावसाळा होता; तेव्हा पिठात पोरकिडे होतात, लोक घेतात थोडं थोडं. नवरा म्हणाला, "तुझं तू ठरव," ज्याचा काडीचा उपयोग नसतो. पत्राचा दिवस आला आणि मी लिहिलंच नाही. नाहीतरी कुणाचं काय अडणार होतं? साहेबांना 'परत येते' असं लिहून ठेवलं आणि झोपले.

सकाळी पाठवायला बसले, तर वहिनींचा मेल आलेला. ऑर्डर नव्हती.

'काल तुमचं पत्र आलं नाही. मी सारखं उघडून बघत होते. बऱ्या आहात ना? मला दुसऱ्या कुणाचं येत नाही हो.'

समोरच्या विंगमध्ये राहतात. खिडकीतून हाक मारली असती तरी मला ऐकू आली असती. मला रडू आलं. 'परत येते' पुसलं, तिथे राजीनामा लिहिला, साहेबांचे मनापासून आभार मानले आणि पाठवून दिला. मग वहिनींना पत्र लिहायला घेतलं.