चवडा म्हणजे वाइड

आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या वर्षी आम्हाला आठवीत इंग्रजीला नवे गुरुजी आले, पुण्याकडचे. त्यांनी फळ्यावर लिहिलं, ‘द रिव्हर इज वाइड,’ आणि अर्थ विचारला. मी सगळ्यांच्या आधी उठून सांगितलं, “नदी चवडी आहे.” काय चुकलं होतं हो त्यात? आमची वैनगंगा चवडीच आहे, कोणीही जाऊन पाहावं! पण गुरुजींनी छडी उचलली. “चवडी? ही काय मराठी आहे? रुंद म्हण, रुंद!” सपासप मारलं. वर्ग फिदीफिदी हसला. हसणाऱ्यांपैकी एकाच्याही घरी ‘रुंद’ म्हणत नव्हते. आज आठवलं तरी तळपायाची आग मस्तकात जाते.

बाबा घरच्या मागावर लुगडी विणायचे; कापडाची रुंदी, म्हणजे पन्हा, हे त्यांचं रोजचं मोजमाप. माझ्या हातावरचे वळ पाहून ते तसेच शाळेत आले.

“गुरुजी, पोरीले काहून मारलं जी? आमी त कपड्याचा पन्हा चवडाच म्हनतो.”

“म्हणूनच तुमची मुलं मागे राहतात,” गुरुजी म्हणाले. “घरी शुद्ध बोला, नाहीतर हिला नापास करीन.”

बाबांनी हात जोडले. “बरं जी. रुंद.”

राग मला गुरुजींचा यायला हवा होता. मला लाज वाटली ती बाबांची. मग घरी मीच मास्तरीण झाले. बाबांच्या तोंडून ‘चवडा’ निघालं रे निघालं, की मी पाहुण्यांदेखत ओरडायची, “बाबा, रुंद!” ते वाक्य अर्धवट सोडून मागावर जाऊन बसायचे.

पुढे नागपूरला कॉलेजात इंग्रजी घेतलं. तिथं कळलं, दार वाइड उघडलं तर ते सताड उघडं, डोळे वाइड उघडले तर टक्क उघडे, क्रिकेटमधला वाइड तर नुसता वाइडच. मग कुठं गेलं तुमचं रुंद, गुरुजी? एका शब्दाचे इतके अर्थ चालतात, आणि माझ्या बापाचा एक शब्द तुम्हाला चालला नाही?

एका सुट्टीत घरी आले तर बाबांनी मागावरचं नवं लुगडं दाखवायला बोलावलं.

“हे पाय, याचा पन्हा किती...” म्हणाले आणि अडले. पुढचं त्यांनी दोन्ही हात ताणून दाखवलं.

“चवडा, बाबा,” मी म्हटलं. “चवडाच म्हणा ना!”

“नोको बाई,” ते म्हणाले, “चूक होईन.”