पर्वकाळ नसताना

गुडगावात तेव्हा शेतं संपायची होती आणि इमारती उभ्या राहायला लागल्या होत्या. मोहरीच्या पिवळ्या शेतापलीकडे नव्या कोऱ्या सोसायटीत भानुमतीबाई पोंक्षे राहायच्या. त्यांचे यजमान राजाभाऊ सरकारी नोकरी सोडून मोबाइल फोनच्या कंपनीत हिशेब बघायला गेले, तेव्हा सगळ्या नातेवाइकांनी त्यांना वेड्यात काढलं होतं. त्याच कंपनीने अठ्ठ्याण्णव साली त्यांना चांगल्या कामाचं बक्षीस म्हणून जोडीने मॉरिशसला पाठवायचं ठरवलं.

"आता बोला म्हणावं!" राजाभाऊ तिकिटं नाचवत म्हणाले.

भानुमतीबाईंनी आधी पंचांग काढलं. "सप्तमीला पोचणार, एकादशीला परत. म्हणजे अमावास्या नाही, पौर्णिमा नाही."

"मग?"

"मग काय? समुद्र बघेन, नमस्कार करेन. शिवणार नाही."

हे त्यांच्या वडिलांचं, तात्यारावांचं शिकवणं. तात्याराव कोकणातले, पण जन्म गेला दिल्लीत, करोलबागेतल्या दोन खोल्यांत. समुद्र म्हणजे साक्षात तीर्थ, पर्वकाळी स्नान करावं, एरवी दुरून हात जोडावेत, असं ते समुद्रापासून हजार मैलांवर बसून सांगायचे. भानुमतीबाई दोनदा मुंबईला गेल्या होत्या. दोन्ही वेळा तिथी चुकली.

राजाभाऊंचा चेहरा उतरला. लग्नानंतर ते दोघं हरिद्वारला गेले होते, तेही सासूबाईंसकट. तेव्हापासून त्यांच्या मनात एकच होतं: कधीतरी दोघांनीच गुडघाभर पाण्यात हातात हात घालून उभं राहायचं. पण बायकोच्या नेमधर्मात त्यांनी कधी ढवळाढवळ केली नव्हती. "अच्छा," ते म्हणाले, "बघायला तरी चल."

विमानातून उतरल्यावर भानुमतीबाईंना पहिल्यांदा दिसला तो ऊस. रस्त्याच्या दोन्ही अंगांना पुरुषभर उंच ऊस, आणि मधूनच एखाद्या घरापुढे मारुतीचं छोटं देऊळ नि बांबूवर लाल झेंडा. "अहो, हे तर आपलंच निघालं!" त्या खिडकीला नाक लावून म्हणाल्या. वाटेत गाडीवाल्याने डाळ भरलेल्या मऊ पोळ्या घेऊन दिल्या. दोन खाल्ल्यावर भानुमतीबाईंनी निकाल दिला, "पुरणपोळीच आहे. गूळ घालायला विसरलेत."

मग हॉटेलमागची सुरूची झाडं ओलांडली आणि समोर समुद्र आला. पाणी निळं म्हणावं तर हिरवं, हिरवं म्हणावं तर थेट काचेसारखं. लाटा लांब खडकांवर फुटत होत्या. अलीकडे सगळं शांत, देवघरातल्या ताम्हनासारखं. त्यांनी चपला काढल्या, हात जोडले आणि पाण्यापासून दहा पावलं मागे चटई अंथरली.

दोन दिवस त्या तिथेच बसल्या. असंच बक्षीस मिळवून सोबत आलेला कंपनीतला नीरज आणि त्याची नवी नवरी पाण्यात धुडगूस घालायची. "आंटीजी, चलो ना!" ती पोरगी ओढायची. भानुमतीबाई हसून गोमुखीत हात घालायच्या आणि जप सुरू करायच्या. पण जप करता करता नजर पाण्याकडेच जायची, हे त्यांचं त्यांना कळत होतं.

तिसऱ्या दिवशी नीरज आणि ती बोटीने फिरायला गेली. राजाभाऊ दिल्लीच्या सरोजिनीनगर बाजारातून घेतलेली खाकी हाफपँट घालून आले.

"पन्नाशीत शाखेत नाव घातलंत की काय?"

"हसून घे. तू नाही आलीस तर नाही, मी निघालो." आणि ते एकटेच पाण्यात शिरले. कमरेइतक्या पाण्यात वळून त्यांनी हात हलवला. भानुमतीबाईंचा गोमुखीतला हात थांबला. एवढ्या मोठ्या निळाईत हा एकटा माणूस कुणासाठी हात हलवतोय!

तेवढ्यात राजाभाऊंचा पाय घसरला. बदकन खाली बसले, उठले, पण चष्मा गेला. नंबर उणे आठ. त्याविना त्यांना समोरची भिंतही दिसत नसे.

"भानू! चष्मा!" असं ओरडत ते चाचपडत निघाले, ते नेमके खोल पाण्याच्या दिशेने.

"अहो, तिकडे आफ्रिका आहे! वळा मागे!"

ते थांबले, पण कुठे वळावं ते कळेना. आसपास चिटपाखरू नव्हतं. भानुमतीबाई पाण्याच्या काठाशी आल्या आणि क्षणभर अडखळल्या. मग गोमुखी चटईवर ठेवली, "तात्या, माफी असावी," म्हणाल्या आणि साडीसकट आत शिरल्या.

पाणी कोमट होतं. पायांच्या बोटांमधून चिमुकले मासे गुदगुल्या करत गेले आणि त्या लहान मुलीसारख्या किंचाळल्या.

"काय झालं?"

"काही नाही. हलू नका तुम्ही!"

तळ इतका स्वच्छ दिसत होता की चष्मा शोधावाच लागला नाही. राजाभाऊंपासून हातभर अंतरावर वाळूत पडला होता, काचा वर करून. भानुमतीबाईंनी वाकून उचलला. राजाभाऊ ओले केस कपाळावर घेऊन डोळे बारीक करून त्यांच्याकडे, खरं तर त्यांच्या जरा डावीकडे, बघत होते. दाखवायच्या कार्यक्रमात ते असेच बसले होते, चष्मा खिशात लपवून.

"मिळाला?" त्यांनी विचारलं.

खोटं बोलल्याबद्दल आज एक माळ जास्त, असं भानुमतीबाईंनी मनाशी ठरवलं आणि चष्मा पदराखाली कमरेला खोचला.

"कुठला हो! दिसत नाही अजून. हात धरा माझा, शोधू या."

राजाभाऊंनी हात घट्ट धरला.

"सावकाश शोध," ते म्हणाले. "घाई कुणाला आहे?"